गाडीला लागते नऊची, दिली पाचची, वर म्हणे तुमचं चार्जिंग खराब

कळंब्याच्या एका दादांचा प्रश्न आलाय. 2009 ची पल्सर 150, वडिलांची म्हणून विकवत नाही. आठ महिन्यांपूर्वी शहरातल्या एका दुकानातनं 1,500 रुपयांना बॅटरी टाकली, आता सकाळी सेल्फ मारला की नुसतं टकटक. दुकानदार म्हणतो गाडीचं चार्जिंग खराब, वॉरंटी बसत नाही. पक्कं बिल नाही, वॉरंटी कार्डावर शिक्का आहे पण तारीख कोरी, पैसे गुगल पेनं दिलेत. केस होईल काय, आणि आता दुसरी कुठली घेऊ?

दादा, फोटो पाठवलात ते लई बरं केलं. झूम करून बघितला तर लेबलवर 12 व्होल्ट 5 एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) आहे आणि खाली रबराचा तुकडा कोंबून ती बसवलीय. तुमच्या गाडीला 9 एएच लागते, मॅन्युअल काढून बघा. रबर लावावं लागलं तिथंच कळायला पाहिजे होतं की माप दुसऱ्या गाडीचं आहे. पाचची बॅटरी नवी असताना सेल्फ उचलते, पण रोज ताकदीबाहेरचं ओझं, किती दिवस काढणार?

म्हणून तुम्ही वॉरंटीवर भांडत बसू नका, मुद्दा वेगळा आहे. मालविक्री कायदा 1930, कलम 16. गिऱ्हाईकानं कशासाठी पाहिजे ते सांगितलं आणि दुकानदाराच्या माहितीवर भरवसा ठेवून घेतलं, तर माल त्या कामाला चालणारा असलाच पाहिजे. आता मला खरं सांगा, तुम्ही काऊंटरवर काय म्हणालात? "पल्सरला बॅटरी द्या" म्हणाला असाल तर तुमची बाजू चांगली आहे. "नऊची महाग पडती, ती स्वस्तातली पाचचीच द्या" असं म्हणाला असाल तर मग दुकानदाराला दोष देता येणार नाही, आणि वकिलापासून हे लपवून काय उपयोग, समोरचा ते पहिल्या तारखेलाच काढतो.

आता चार्जिंगचं. दुकानदार खोटंच बोलतोय असं धरून चालू नका, जुन्या गाडीत आरआर युनिट (बॅटरीला जाणारा करंट ताब्यात ठेवणारा भाग) गेलेलं असतं बऱ्याचदा. उद्यमनगरात ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडं जा, चांगली चार्ज केलेली बॅटरी लावून, गाडी चालू ठेवून थोडी रेस देऊन मल्टिमीटर लावायला सांगा, दोन मिनिटांचं काम. साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट आलं तर चार्जिंग ठीक, दुकानदाराची सबब गेली. पंधराच्या वर जात असेल तर गाडी बॅटरी उकळवतीय, आणि रेस देऊनही तेराच्या वर येत नसेल तर भरतच नाही. जे काय येईल ते तारीख आणि गाडी नंबर टाकून त्याच्याकडनं कागदावर लिहून घ्या. बिघाड निघाला तर आधी तो दुरुस्त करा, नाहीतर दुसरी बॅटरीपण अशीच मरणार आणि तेव्हा मी काय, कोणच काय करू शकणार नाही.

बिल नाही म्हणून घाबरू नका. बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये अनुचित व्यापारी प्रथा आहे, म्हणजे ती तुमची नाही, त्याची चूक. गुगल पेच्या नोंदीत तारीख आणि रक्कम आहे, कार्डावर शिक्का आहे, तेवढ्यावर खरेदी दाखवता येते. कोऱ्या जागेत स्वतःच्या हातानं तारीख मात्र घालू नका, कृपा करून. एकानं घातली होती, चांगली चाललेली तक्रार तिथंच संशयात गेली.

पुढं काय करायचं तर दुकानदाराला आणि बॅटरी कंपनीला एकच पत्र, स्पीड पोस्टानं, फोटो जोडून, 15 दिवसांची मुदत. सोबत 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाका, पुष्कळदा कंपनीचा माणूस तिथंच मिटवतो. नाहीच मिटलं तर कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी नाही आणि वकीलही लागत नाही (हे वकीलच सांगतोय, लक्षात घ्या). कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासनं ज्याला त्याला थेट हायकोर्टात जायचं असतंय, पण 1,500 रुपयांसाठी ते नव्हे. बॅटरीतच दोष होता असं म्हणालात तर ती लॅबला पाठवायचा विषय निघू शकतो, त्याची फी तुम्हालाच भरायला लागणार. चुकीच्या मापाची दिली हे मात्र लेबल आणि मॅन्युअल शेजारी ठेवलं की दिसतं.

नवी घेताना एएच मॅन्युअलप्रमाणेच, रुपयाचीही तडजोड नको. पाणी बघायची सवय नसेल तर सीलबंद घ्या. बनवल्याचा महिना बघा, सहा-आठ महिने रॅकवर पडलेली नको. काऊंटरवरच मीटर लावायला सांगा, साडेबाराच्या खाली असेल तर आधी चार्ज करून मागा. वॉरंटी 48 महिने लिहिलेली असली तरी त्यातले फुकट बदलून मिळायचे किती आणि नुसती सूट मिळायची किती ते वाचा. बिलावर गाडी नंबर आणि बॅटरीचा सिरीयल नंबर दोन्ही घाला.

आणि नवा दुकानदार म्हणेल जुनी द्या, दोन-तीनशे कमी करतो. देऊ नका. ती रबराच्या तुकड्यासकट उभी ठेवा, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी, तुमचा पुरावा तोच आहे.