पहिल्याच पानावर गाडी अडते

प्रश्न: ताई, मी शिरोळ तालुक्यात माध्यमिक शिक्षक आहे. आमच्या गुऱ्हाळावर दीर्घ लेख लिहून दिवाळी अंकाला पाठवायचं मनात आहे. मे महिन्याच्या सुट्ट्या येतात आणि जातात. पहिलं पान लिहितो, वाचतो, पसंत पडत नाही, फाडतो. शाळेच्या कामातून वेळ मिळत नाही, मिळाला तर मोबाइल हातात येतो. वडील गुळव्या, म्हणजे रस आटवून गूळ करणारे कारागीर होते. रसाच्या काहिलीकडे, त्या मोठ्या कढईकडे, पाठ करून बसले तरी नुसत्या रटरटण्याच्या आवाजावरून जाळ घालणाऱ्या जळव्याला ओरडायचे, ‘जाळ कमी कर रे, करपवशील!’ हे सगळं मांडायचं तर सुरुवात कुठून करू? पहिलं पान सोबत जोडलं आहे.

उत्तर: पत्र आधी वाचलं, पान नंतर. पान ‘पंचगंगेच्या रम्य तीरावर वसलेले आमचे टुमदार गाव’ असं सुरू होतं आणि शेवटपर्यंत त्यात ना रस उकळतो, ना कुणी ओरडतं. पत्रात मात्र पाठमोरे बसलेले वडील लगेच दिसले. हे दोन्ही तुम्हीच लिहिलंय. पत्र लिहिताना समोर मी होते, पान लिहिताना तपासनीस. तुम्ही मास्तर, हातात लाल पेन कायमचंच, त्यामुळे वाक्य पुरं व्हायच्या आधीच त्याला गुण देता. तुमची अडचण ही आहे. वेळ आणि मोबाइल हे मला तरी मागाहूनचे वाटतात. पान जमत नाही म्हणून हात मोबाइलकडे जातो.

तेव्हा सुरुवात शोधूच नका. गुळाची गोळी होते का ते गुळव्या पाण्यात थेंब टाकून बघतो, तो क्षण आधी लिहा. पाणी कशात असायचं? बोटांना चटका बसायचा का? वडील गोळी कुणाला चाखायला द्यायचे? मग भेंडीचं पाणी घालून मळी काढणं, चुलवाणात चिपाड सारणारा जळव्या, निवण्यासाठी वाफ्यात ओतलेला गुळ, जे आठवेल ते, आठवेल त्या क्रमाने. एका आधणाला, म्हणजे काहिलीच्या एका खेपेला, किती रस लागायचा हे आठवलं नाही तर तिथे फुली मारा आणि पुढे जा. भावाला फोन लावलात की तासभर गेलाच! आणि ‘करपवशील’ तसंच राहू द्या, त्याचं पुस्तकी मराठी करू नका.

लिहून झालेलं त्या आठवड्यात वाचायचं नाही. कागद घडी करून कपाटात. हे अवघड जाईल, ठाऊक आहे.

वेळेचं म्हणाल तर अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यातली नोकरी सांभाळून लिहायचा. पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ आणि दर पाव तासाला 250 शब्द. वेळेवर उठवण्यासाठी नोकराला वर्षाला 5 पौंड जास्तीचे द्यायचा. एवढी शिस्त मला तरी झेपणारी नाही आणि परीक्षेच्या दिवसांत तुम्हालाही झेपू नये. तो रोज आधी अर्धा तास कालचं लिखाण वाचायचा, तेवढं तर मुळीच करू नका. तुम्ही त्यातच अडकाल. पाव तास मात्र घ्या. जेवणानंतर, मोबाइल माजघरात, हातात पेन्सिल आणि पाठकोरे कागद. कोऱ्या चांगल्या वहीचा धाक वाटतो, पाठकोऱ्याचा वाटत नाही. उठताना पुढे काय येणार ते दोन शब्दांत खाली टिपून ठेवा: ‘मळी’, ‘ढेपा’, ‘वडिलांचा खोकला’, काहीही. दुसऱ्या रात्री तिथूनच धरायचं.

तरीही हात चालला नाही तर मला पत्रच लिहा. ‘ताई’ म्हणून सुरू करा आणि एका आधणाची हकिकत सांगा, ऊस घाण्यात घातल्यापासून ढेप निघेपर्यंत. वरचं ‘ताई’ नंतर खोडता येतं. गावाचं वर्णन लागलंच तर शेवटी बघू. बहुधा लागणार नाही. दिवाळी अंकांना मजकूर साधारण जुलै-ऑगस्टपर्यंत हवा असतो, म्हणजे उसाचा हंगाम संपता संपता बसलात तरी हाती पुरेसे महिने आहेत.