बॉस्टनला येताय? डेकेअरच्या ‘कोविड मदती’चं खरं काय

तुम्ही विचारलंय: दोघंही एच-१बीवर बॉस्टनला येताय, पुण्यात जन्मलेली दोन वर्षांची लेक सोबत. कोविडमध्ये सरकारनं डेकेअरला दिलेले पैसे आपल्याला मिळतील का?

नाही. मार्च २०२१च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅनमध्ये डेकेअरसाठी सुमारे ३९ अब्ज डॉलर होते. त्यातले २४ अब्ज केंद्रचालकांना पगार, भाडं, साफसफाईसाठी दिले. दोन लाखांहून जास्त केंद्रांना ते पोचले. बाकीच्यांतून राज्यांनी मुख्यतः कमी उत्पन्नाच्या घरांची फी उचलली. ते २४ अब्ज ३० सप्टेंबर २०२३ला संपले, बाकीचे त्यानंतर वर्षभरात.

केंद्रांनाच का दिले? खर्च बहुतेक माणसांचा. मॅसॅच्युसेट्समध्ये सव्वा वर्षाच्या आतली सात बाळं असतील तर दोघी शिक्षिका हव्यात. तुमच्या लेकीच्या वयाच्या वर्गात जास्तीत जास्त नऊ मुलं, तिथेही दोघी. एकीनं नोकरी सोडली की निम्मी मुलं घरी. पगार वाढवावा तर फी वाढते, आणि फी आधीच आईबापांच्या नाकाशी आलेली. या राज्यानं निदान सी-थ्री नावाचं अनुदान स्वतःच्या पैशातून चालू ठेवलंय. तेही डेकेअर चालवणाऱ्यांना मिळतं, त्यामुळे तुमच्या बिलात ते दिसणार नाही.

केंद्र सरकारच्या पैशातली फी-सवलत मुलाचा दर्जा बघून देतात, आईबापांचा व्हिसा बघून नाही. एच-४वरची, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरची, लेक त्यात बसत नाही. पुढेमागे इथे बाळ झालं तर ते नागरिक म्हणून बसेल, पण दोन आयटी पगारांत उत्पन्नाच्या मर्यादेवर अडकाल.

हाती राहतं ते डिपेंडंट केअर एफएसए, म्हणजे डेकेअरसाठी पगारातून करमुक्त बाजूला काढलेली रक्कम. २०२६पासून मर्यादा कुटुंबाला वर्षाला ७,५०० डॉलर. जुन्या लेखांत १०,५०० दिसतील, ते फक्त २०२१पुरते होते. डेकेअरच्या खर्चावर एका मुलामागे ४,००० डॉलरपर्यंतची करसवलतही त्याच वर्षापुरती. कंपनीत रुजू झाल्यावर नाव घालायची मुदत बहुधा ३० दिवसांची असते. ती चुकली की पुढच्या वर्षाच्या नोंदणीपर्यंत थांबा. नवराबायको दोघांची कमाई लागते. एकाची शून्य असेल तर सवलतही शून्य (पूर्णवेळ शिकत असेल तर वेगळं). एकाच मुलासाठी पूर्ण ७,५०० टाकले तर त्या वर्षी डेकेअरच्या खर्चावरची वेगळी करसवलत उरत नाही. लेकीसाठी आयटीआयएन (अमेरिकेच्या करखात्याचा ओळख क्रमांक) काढावा लागेल, आणि डेकेअरचा टॅक्स आयडी पहिल्या महिन्यातच मागून ठेवा. रोखीनं पैसे घेणाऱ्या बाई बहुधा तो देत नाहीत, मग सवलत अडू शकते.

डेकेअरला लसींची नोंद लागते, म्हणून निघायच्या आधी लसीचं कार्ड बघा. सरकारी दवाखान्यातल्या एमआर (गोवर-रुबेला) लसीत गालगुंड नसतो आणि नवव्या महिन्यातला डोस इथे धरत नाहीत. पहिल्या वाढदिवसानंतरची एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) आणि कांजिण्यांची लस पुण्यातच टोचून, तारखेसह इंग्रजीत लिहून घ्या.