बाटल्याच धुवायच्या का?

प्रश्न : मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीबी घेऊन. दोन वर्षांपूर्वी टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली) रोपं बुक करायला गेलो तेव्हा तिला सोबत नेलं होतं. काचेआडून तिने प्रयोगशाळा पाहिली. एका ट्रॉलीवरच्या बाटल्यांमध्ये केळीचे तुकडे काळे पडले होते. का, असं तिने विचारलं, तर "पडतात कधी कधी" एवढंच उत्तर मिळालं. तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच आहे. आता वनस्पतींची बायोकेमिस्ट्री करायची म्हणते. भावकीत सगळे म्हणतात, बीफार्म करा नाहीतर नर्सिंगला टाका. एवढं शिकवून पोरीने बाटल्याच धुवायच्या का? (एक पालक, नाव छापू नये)

नमस्कार भाऊ,

हो, बाटल्या धुवाव्या लागतील. मीही एमएस्सीला दोन वर्षं धुतल्या. बाटली नीट धुतली नाही तर आतलं रोप कशाने मेलं हे कळत नाही, म्हणून ते काम दुसऱ्यावर सोडवत नाही. पण तुमच्या पत्रात दोन वेगळी कामं एक झाली आहेत, ती आधी सोडवू.

तुम्ही पाहिलीत ती रोपं तयार करणारी प्रयोगशाळा. तिथे लॅमिनारसमोर, म्हणजे गाळलेल्या स्वच्छ हवेच्या पेटीसमोर, बसून चिमटा-ब्लेडने कोंब वेगळे करायचे आणि नव्या बाटलीत ठेवायचे. हात फार तयार लागतो, पण माध्यमाची, म्हणजे बाटलीतल्या रोपाच्या खाद्याची, कृती आधीच ठरलेली असते. ग्रँड नैन या केळीच्या वाणाची एकसारखी, विषाणूमुक्त रोपं वेळेवर निघणं महत्त्वाचं. हरण्या या विषाणूजन्य रोगाने बाग काढावी लागलेल्या माणसाला त्याचं मोल मी काय सांगणार! बीएस्सीनंतर अशा ठिकाणी नोकरी मिळू शकते, सुरुवातीचा पगार बेताचा असतो.

तुमच्या मुलीने विचारलं ते दुसऱ्या कामातलं आहे. ती कृती अशीच का, आणि फसते तेव्हा पेशीच्या आत काय झालेलं असतं, हे शोधणं वनस्पती-बायोकेमिस्टचं काम. तिच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. वहिनी केळफूल चिरतात तेव्हा ताकाच्या पाण्यात टाकतात ना? नाही टाकलं तर काळं पडतं, बोटंही काळी होतात. बाटलीत तेच घडतं. ब्लेडचा घाव बसला की वनस्पती बचावाला लागते. फेनिलअॅलॅनिन नावाचं एक अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) ती एका एन्झाइमकरवी (पेशीतल्या क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाकरवी) फेनॉलच्या वाटेला लावते, दुसरं एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने त्या फेनॉलचं काळपट द्रव्य करतं, आणि तुकडा स्वतःच्याच औषधाने दगावतो. म्हणून माध्यमात कोळशाची पूड घालतात, तुकडे अॅस्कॉर्बिक किंवा सायट्रिक आम्लात बुडवतात. कधी सिस्टिन वापरतात, आणि गंमत म्हणजे तेही अमिनो आम्लच.

तुमच्या ओळखीचं आणखी एक उदाहरण. ग्लायफोसेट हे तणनाशक मारल्यावर तण लगेच जळत नाही, हळूहळू पिवळं पडून मरतं. कारण ते फेनिलअॅलॅनिन आणि त्याची दोन भावंडं तयार होण्याची वाटच अडवतं. म्हणजे अमिनो आम्लांचा हा हिशेब तुमच्या बांधावर कधीचा येऊन बसलाय.

टिश्यू कल्चर आणि अमिनो आम्लं यांचा मला सगळ्यात आवडणारा प्रयोग मक्यावरचा आहे. लायसिन, थ्रिओनिन आणि मेथिओनिन ही तिन्ही वनस्पती एकाच कच्च्या मालापासून, अॅस्पार्टेटपासून बनवते. माध्यमात लायसिन आणि थ्रिओनिन भरपूर घातलं तर पेशीला वाटतं, माल पुरेसा झाला, आणि ती अख्खा कारखाना बंद करते. मग मेथिओनिनही बनत नाही आणि पेशी भरल्या ताटावर उपाशी राहते. लाखो पेशींत एखादी हट्टी निघते, तिला "पुरे" हा निरोप ऐकूच येत नाही. ती जगते, तिच्यापासून रोप वाढवता येतं. हिबर्ड आणि ग्रीन या संशोधकांनी 1982 साली मक्यात नेमकं हे करून दाखवलं. त्या झाडांच्या दाण्यात मोकळं थ्रिओनिन कितीतरी पटींनी वाढलं होतं. धान्यात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी, म्हणून आपल्याकडे वरणाला भात लागतो. ही उणीव दाण्यातच भरून काढता येईल का, हा त्या सगळ्या खटाटोपामागचा विचार. हा परिच्छेद मुलीला वाचायला द्या. ती दुसऱ्यांदा वाचायला बसली तर मला कळवा.

आता वाट. कोर्सच्या नावाला भुलू नका. बायोटेक्नॉलॉजी असं पाटीवर लिहिलेल्या तीन वर्षांपेक्षा केमिस्ट्री आणि बॉटनी घेऊन केलेली साधी बीएस्सी मला या मुलीसाठी बरी वाटते, बायोकेमिस्ट्री मिळाली तर उत्तमच. केमिस्ट्री शेवटपर्यंत सुटता कामा नये. कॉलेज बघायला जाल तेव्हा प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा घेण्याआधी प्रयोगशाळेत जा आणि ऑटोक्लेव्हवर (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रावर) धूळ आहे का बघा. धूळ असेल तर चहा घेऊन परत या.

दुसरी वाट सीईटी देऊन बीएस्सी अॅग्रीची. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही आपली चार कृषी विद्यापीठं आहेत. पुढे बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करता येते, दिल्लीच्या पुसा या कृषी संशोधन संस्थेपर्यंत जाता येतं. शेतकऱ्याच्या मुलीला ही वाट सोयीची, शिवाय अधिकारी पदांच्या स्पर्धा परीक्षांचं दारही उघडं राहतं. मात्र या पदवीत केमिस्ट्री पातळ होते, ती तिला स्वतः भरून काढावी लागेल. साध्या बीएस्सीनंतर एमएस्सीसाठी गॅट-बी आणि आयआयटीची जॅम या परीक्षा आहेत. तिने गणित घेतलेलं नाही, त्याने सहसा अडणार नाही, पण एन्झाइमच्या वेगाचे आलेख तिला समजून घ्यावेच लागतील.

वेळेचं स्पष्ट सांगतो. साधी बीएस्सी तीन, एमएस्सी दोन, पीएचडी पाचेक वर्षं. पोरगी अठ्ठावीसची होईल. तुमच्या भावकीला हा आकडा ऐकवत नाही, मला माहीत आहे. पण ती सगळी वर्षं तुमच्या खिशातून नाहीत. नेट परीक्षेत जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांत महिन्याला 37,000 आणि पुढे 42,000 रुपये फेलोशिप मिळते, घरभाडं वेगळं. नाही मिळाली तर? तेव्हा एमएस्सीवर थांबून बियाणं कंपनी, खतं-जैविक उत्पादनांची कंपनी, अन्नतपासणी प्रयोगशाळा असे पर्याय आहेत. प्राध्यापकी मात्र धरून चालू नका, भरती कधी निघेल याचा भरवसा नाही. बीफार्म वाईट नाही, पण ज्या मुलीने एक प्रश्न दोन वर्षं धरून ठेवलाय तिला तिथे नाइलाजाने बसवू नका.

आणि हे काम महाराष्ट्रात होत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं सांगा. जो बांबू कित्येक दशकांतून एकदा फुलतो, तो तिथल्या नाडगौडा, पाराशरामी आणि मस्करेन्हास यांनी बाटलीत काही महिन्यांत फुलवला. 1990 साली तो शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला.

तिला हे झेपेल का, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही. महिनाभर मेहनतीने वाढवलेल्या बाटल्यांवर एका सकाळी बुरशी दिसते. माझ्यावर ही पाळी आली तेव्हा मी दोन दिवस प्रयोगशाळेत गेलो नव्हतो. निनहायड्रिन हे अमिनो आम्लं ओळखायचं रसायन हातमोज्यांशिवाय हाताळलं म्हणून बोटं जांभळी झाली होती, त्याचं मात्र कौतुकच वाटायचं. बारावीची परीक्षा झाली की जवळच्या कॉलेजात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारून तिला चार आठवडे नुसतं हाताखाली काम करू द्या. फोन तिलाच करू द्या.

तोवर घरी एक करा. पुढच्या केळफुलाच्या वेळी चार वाट्या मांडायच्या : साधं पाणी, लिंबाचं पाणी, ताकाचं पाणी, आणि चौथीत आधी उकळत्या पाण्यातून काढलेले तुकडे साध्या पाण्यात. तुकडे सारख्या आकाराचे, एकाच वेळी टाकलेले. दर दहा मिनिटांनी फोटो, दोन तास. चौथी वाटी कशासाठी, ते तिने सांगायचं, मी नाही. आणि वाट्यांवर नंबर घालायचे. कुठल्या वाटीत काय आहे ते लक्षात आहे, असं सगळेच म्हणतात.