"अजून एक कोर्स केला की होईल ना, मॅडम?"

बिझनेस ॲनालिस्ट व्हायचंय म्हणून माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येणाऱ्यांचा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की समोरची व्यक्ती पहिलं वाक्य बोलली की पुढचं मला ठाऊक असतं. कधी नुकताच बी.कॉम. झालेला मुलगा असतो, कधी बँकेत दहा वर्षं काढलेले गृहस्थ, कधी बाळंतपणानंतर थांबलेली आणि आता पुन्हा कामाला लागू पाहणारी स्त्री. "कोडिंग येत नाही, पण आयटीत जायचंय. कोणता कोर्स केला तर नोकरी लागेल?" काहींनी कोर्स आधीच केलेला असतो. त्यांचा प्रश्न वेगळा असतो: "हा केला, पण कुणी बोलावतच नाही. आता पुढचा कोणता करू?"

हे लेखन त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. त्यात पैसाही जास्त जातो आणि माणूसही जास्त खचतो.

शुभदा हाच प्रश्न घेऊन आली होती. (नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही.) वय बत्तिशीचं. नाशिकच्या एका रुग्णालयात टीपीए डेस्कवर काही वर्षं काम केलेलं. टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी मध्यस्थ संस्था; तिच्याकडून रुग्णाचा कॅशलेस मेडिक्लेम मंजूर करून घेण्याचं काम. मग लग्न, पुणे, मुलगी, आणि कामात पडलेला खंड. तिने प्लास्टिकच्या फोल्डरमधून एकेक सर्टिफिकेट काढून टेबलावर मांडलं. पहिला कोर्स बिझनेस ॲनालिटिक्सचा, त्यात पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि आकडेशास्त्र. दुसरा शनिवार-रविवारचा बिझनेस ॲनालिस्टचा. अधेमधे ऑनलाइन केलेले लहानसहान. लाखाच्या वर रक्कम गेली होती आणि आता एका क्लासवाल्याने सांगितलं होतं, "सीबीएपी करा, जगभर चालतं." तेवढ्यासाठी पुन्हा पैसे भरायचे का, हे तिला माझ्याकडून ऐकायचं होतं.

इथे दोन गोष्टी लगेच सांगून टाकाव्या लागतात. एक, बिझनेस ॲनालिटिक्स आणि बिझनेस ॲनालिसिस ही वेगळी कामं आहेत. पहिल्यात जमलेल्या आकड्यांतून निष्कर्ष काढायचे असतात. दुसऱ्यात माणसांना नेमकं काय हवंय, त्यांचं काम आज कसं चालतं आणि ते कुठे अडतं हे शोधून असं लिहायचं असतं, की डेव्हलपरला ते बांधता यावं आणि टेस्टरला तपासता यावं. जाहिरातींत ही दोन्ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. शुभदाने सहा महिने पायथॉनशी झगडा केला, तो या गोंधळामुळे.

दुसरी गोष्ट सीबीएपीची. ही परीक्षा आयआयबीए ही बिझनेस ॲनालिस्टांची आंतरराष्ट्रीय संस्था घेते. २००३ मध्ये कॅनडात, टोरांटोला ती सुरू झाली. सीबीएपीला बसायचं तर मागच्या १० वर्षांत या कामाचा ७,५०० तासांचा अनुभव दाखवावा लागतो. तिच्या आधीच्या पायरीला, सीसीबीएला, ७ वर्षांत ३,७५० तास. अनुभवाची अट नाही ती फक्त पहिल्या पायरीला, ईसीबीएला. म्हणजे शुभदाला अर्जही भरता येणार नाही अशा परीक्षेची तयारी विकली जात होती. मी हे सांगितल्यावर तिने सुस्कारा सोडला. मला वाटलं, पैसे वाचले म्हणून. पण लगेच ती म्हणाली, "मग ईसीबीए करू?"

मी ज्या विचारसरणीत तयार झाले ती अल्बर्ट एलिस यांची, विवेकनिष्ठ. घटना माणसाला जितका त्रास देते, त्याहून अधिक त्रास त्या घटनेबद्दल त्याने मनात पक्कं करून ठेवलेलं वाक्य देतं, असं ती मानते. म्हणून समोरच्याच्या तोंडून ते वाक्य पूर्ण बाहेर येईपर्यंत मी सल्ला देत नाही. इतक्या वर्षांत हा एक संयम मी कमावला आहे.

"समज, ईसीबीए झाली. मग काय बदलेल?"

"मुलाखतीला बोलावतील."

"बोलावलं. पुढे?"

"ते विचारतील त्याची उत्तरं देता येतील."

"आणि एखादं नाही आलं तर?"

तिने फोल्डरची चेन उघडली, बंद केली. "तर कळेल ना त्यांना, हिला काही येत नाही. सर्टिफिकेट असलं की निदान कुणी विचारणार तरी नाही, तुला हे कसं येतं म्हणून."

वाक्य सापडलं होतं. पुढच्या काही भेटी आम्ही त्याच्याच आजूबाजूला होतो. मी विचारलं, त्या शनिवार-रविवारच्या वर्गात तू किती प्रश्न विचारलेस? एकही नाही. बाकीचे सगळे आयटीतले होते, त्यामुळे तिने माइक कधी सुरूच केला नाही. अनोळखी शब्द वहीत लिहून ठेवायचे आणि रात्री मुलगी झोपली की शोधायचे. शिक्षिका चांगल्या होत्या, असं तीच सांगत होती. मी प्रश्न विचारला म्हणजे माझं अज्ञान उघडं पडलं, आणि ते उघडं पडलं म्हणजे मी या कामाची नाहीच, अशी ती साखळी होती. प्रत्येक नवा कोर्स ती साखळी आणखी घट्ट करत होता, कारण प्रत्येक वर्गात तिने गप्प बसण्याचाच सराव केला होता.

मग एके दिवशी मी विषय बदलला. टीपीए डेस्कवर नेमकं काय करायचीस?

"काही नाही हो. फाइली पाठवायचे."

"रोजच्या रोज जात होत्या?"

आणि ती बोलायला लागली. डॉक्टर सकाळी डिस्चार्ज सांगायचे, पेशंट संध्याकाळी घरी जायचा आणि दिवसभर नातेवाईक तिच्या खिडकीशी येऊन भांडायचे. सगळे म्हणायचे, टीपीएवालेच हळू आहेत. तिने एक वही घातली. कोणत्या फाइलला टीपीएकडून काय क्वेरी, म्हणजे शंका, आली, एवढंच लिहायची. थोड्याच दिवसांत लक्षात आलं की त्याच त्या दोन-तीन गोष्टींसाठी फाइल परत येते. डिस्चार्ज समरीत मधुमेह किंवा रक्तदाब कधीपासून आहे ते लिहिलेलं नाही. मंजुरी एका प्रकारच्या खोलीची, बिल दुसऱ्या. आणि सर्वांत जास्त म्हणजे इम्प्लांटचं (शरीरात बसवलेल्या वस्तूचं) स्टिकर जोडलेलं नाही. म्हणून ती ओटीत, ऑपरेशन थिएटरमध्ये, गेली आणि तिथल्या सिस्टरना विचारलं, हे स्टिकर निघतं तेव्हा तुम्ही त्याचं काय करता? स्टिकर ओटीच्या रजिस्टरमध्ये चिकटत होतं आणि तिथेच राहत होतं. बिलिंगला त्याचा पत्ताच नव्हता. पाकिटात एकापेक्षा जास्त स्टिकरं असतात, तेव्हा एक रजिस्टरला आणि एक पेशंटच्या फाइलला, असं ठरलं. त्या क्वेरी जवळजवळ थांबल्या.

"हे करायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. शिव्या मला खायला लागायच्या ना."

"ओटीतल्या सिस्टरना विचारताना लाज वाटली?"

"छे! मला ओटीतलं काय कळणार? विचारायलाच लागणार."

एवढं म्हणून ती थांबली. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने एक शब्दही बोलू नये, असं माझं ठाम मत आहे. आपलं वाक्य आलं की त्यांचं हरवतं. जरा वेळाने ती स्वतःच म्हणाली, "तिथे मला माहीत नव्हतं, तरी मी आत गेले. इथे माहीत नाही म्हणून मी बाहेरच बसलेय."

या व्यवसायातल्या प्रशिक्षणाबद्दल मला जे सांगायचं आहे, ते तिच्या त्या वाक्यात होतं. बिझनेस ॲनालिस्टला पगार मिळतो तो माहीत नसलेलं नीट विचारण्याचा. आयआयबीएच्या बॅबॉक या मार्गदर्शक ग्रंथाची तिसरी आवृत्ती २०१५ ची. त्या आवृत्तीने हे काम सहा ज्ञानक्षेत्रांत वाटलं आहे. त्यातलं एक पूर्ण क्षेत्र लोकांकडून माहिती काढून घेणं आणि त्यांच्यासोबत काम करणं यासाठी आहे. ज्याला विचारायचं भय वाटतं, तो अंदाजाने लिहितो, अंदाजावर सॉफ्टवेअर बनतं आणि वापरणारा पहिल्याच दिवशी म्हणतो, आम्हाला हे नको होतं. हे भय मनात तसंच ठेवून तुम्ही पन्नास तंत्रं पाठ केलीत (बॅबॉकमध्ये खरोखरच ५० दिली आहेत), तरी उपयोगाच्या वेळी ती तोंडातून निघणार नाहीत. म्हणून कोर्स निवडण्याआधी माणसाचा प्रश्न विचारण्याशी असलेला झगडा सुटायला हवा, असं मी मानते. आधी फी, मग आत्मविश्वास, हा क्रम मला मान्य नाही.

मी तिला एक काम दिलं. कुणाचं तरी अडलेलं काम शोधायचं आणि सुरुवातच "मला यातलं काही माहीत नाही" या वाक्याने करायची.

तिने नणंदेला धरलं. नणंद कोथरूडला विद्यार्थ्यांना डबे पुरवते आणि "तू आयटीचं शिकलीस ना, मग मला ॲप करून दे" असं तिच्या मागे लागली होती. शुभदा दोन दिवस तिच्या स्वयंपाकघरात बसली आणि विचारत राहिली. ॲप कशाला हवंय, मध्ये काय अडतं, महिनाअखेरीला भांडण कुणाशी होतं. निघालं असं, की मुलं रात्री अकराला व्हॉट्सॲपवर "उद्या डबा नको" कळवतात, तोवर भाजी आणून झालेली असते, आणि हिशेबाच्या दिवशी कोणाचे किती खाडे यावर वाद होतो. शुभदाने दोन पानं लिहिली. आज काम कसं चालतं, नियम काय, अपवाद काय. रात्री नऊनंतर आलेला नकार दुसऱ्या दिवसासाठी धरायचा नाही. अर्धा डबा आणि पूर्ण डबा वेगळे मोजायचे. संकष्टीला उपासाचा डबा कोणाला, याची यादी महिन्याच्या सुरुवातीलाच घ्यायची. अंगारकीला आयत्या वेळी उपास धरणाऱ्यांचं काय, हा प्रश्न तिने उघडा ठेवला होता आणि समोर लिहिलं होतं, "ताईंना विचारणे". खाली एक साधी एक्सेल शीट. ॲपची गरज निघालीच नाही.

ती पानं वाचताना मला जो आनंद झाला तो मी लपवला नाही. उघडा प्रश्न उघडा म्हणून लिहून ठेवणं आणि तो कोणाला विचारायचा तेही लिहिणं, हे या कामात मुरलेल्या माणसाचं लक्षण आहे.

यानंतर आम्ही प्रशिक्षणाकडे वळलो, आणि आता तिचे प्रश्न निराळे होते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना हेच लागतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुम्ही ज्या क्षेत्रात काम केलं आहे, ते सोडून पळू नका. बँक, विमा, रुग्णालय, जीएसटीची कामं करणारं कार्यालय, गोदाम, जे असेल ते. शुभदाला मी विमा नियामकाचं २०२४ च्या मे महिन्यातलं आरोग्य विम्याचं परिपत्रक वाचायला लावलं. त्यात कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय आणि डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी, असं विमा कंपन्यांना सांगितलं आहे. तिने त्याच्या समासात लिहिलं: घड्याळ नेमकं कधी सुरू होतं? क्वेरी काढली तर थांबतं का? विनंती अपुरी असेल तर ती आली असं धरायचं का? सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला हेच प्रश्न हवे असतात, आणि टीपीए डेस्कवर न बसलेल्याला ते सहसा सुचत नाहीत.

हत्यारं थोडी पुरतात. एक्सेल चांगलं हवं. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, इतकी, की दोन टेबलं जोडून हवी ती माहिती काढता यावी. कामाचा ओघ चित्रात मांडता यावा. त्यासाठी फुकट साधनं आहेत. यूजर स्टोरी (वापरणाऱ्याला काय हवंय आणि कशासाठी, हे सांगणारी छोटी नोंद) आणि तिच्या स्वीकृतीच्या अटी (ते झालं हे कशावरून ठरवायचं) लिहिता याव्यात. आता एआय यूजर स्टोरीचा मसुदा लिहून देतं, मग हे कशाला शिकायचं, असं मुलं विचारतात. मसुदा मिळेल, पण ओटीच्या रजिस्टरमध्ये स्टिकर अडकलंय, हे कुणीतरी जाऊन पाहिल्याशिवाय त्या मसुद्यात येणार नाही.

क्लास निवडताना फी आणि प्लेसमेंटच्या आधी एकच चौकशी करा: मी लिहिलेली पानं कुणी तपासून, खुणा करून परत देणार का? रेकॉर्डिंग दाखवून सोडून देणाऱ्यांना हे जमत नाही. हे काम लिहिण्याचं आहे आणि दुसऱ्याने तपासल्याशिवाय लिहिणं सुधारत नाही. इंग्रजीची भीती मराठी माध्यमातल्या मुलांना फार असते. त्यांना मी सांगते, आखूड, एकच अर्थ निघेल अशी वाक्यं लिहायला शिका. या कागदपत्रांत अलंकारिक इंग्रजी अडचणच करतं.

आणि पदाच्या नावात अडकू नका. टेस्टिंग, सपोर्ट, इम्प्लिमेंटेशन (ग्राहकाकडे सॉफ्टवेअर सुरू करून देणं) अशा दारांनी आत गेलेले कितीतरी जण पुढे हेच काम करतात.

शुभदा अशाच दाराने गेली. रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका लहान कंपनीत, इम्प्लिमेंटेशनच्या कामावर. मुलाखतीत तिला फार्मसीच्या साठ्याबद्दल विचारलं. तिने सांगितलं, ते मला माहीत नाही, पण पहिल्या दिवशी मी फार्मासिस्टला कोणते प्रश्न विचारीन ते सांगू शकते. त्यांनी ते ऐकून घेतले.

आता तिने पुन्हा फोन केला होता, ईसीबीए द्यावी का म्हणून. मी म्हटलं, दे. आता पुस्तकातल्या प्रत्येक पानाला तुझ्याकडे स्वतःचं उदाहरण आहे. आणि तिथल्या तासांची नोंद पहिल्या महिन्यापासून ठेव. सीसीबीएच्या अर्जाला ते ३,७५० तास काम कोणतं केलं यासकट दाखवावे लागतात, आणि काही वर्षांनी आठवून लिहिणं फार जिकिरीचं होतं.