वाचक विचारतात : संच बंद झाला तर ठेक्यावरच्यांचं काय?

प्रश्न : मी एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात ठेकेदाराकडे आहे, कोल हँडलिंगला, म्हणजे कोळसा उतरवायच्या-हलवायच्या कामाला. ठेकेदार बदलत राहतात, माणसं आम्ही तीच. वीज बनवणारे संच जुने झालेत, आज ना उद्या बंद होणार असं कँटीनमध्ये सगळेच बोलतात. परमनंटवाल्यांची दुसरीकडे बदली होईल, आमचं काय? युनियनवाले म्हणतात, वेळ आली की बघू.
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : दादा, वेळ आली की बघू हेच तर नको! संच चालू आहे, वीज लागतेय, तोवरच युनियनच्या शब्दाला वजन असतं, एकदा बंदचं पत्र निघालं की मग फक्त निवेदनं द्यायची आणि फोटो काढायचे. तुमच्याकडचे पहिले दोन संच २०११ मध्येच गेले, उरलेत ते २१० मेगावॅटचे तीन, तेही १९७९ ते ८१ च्या काळातले. आपल्या सरकारने २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०७० पर्यंत नेट झिरो, म्हणजे हवेत सोडू तेवढा कार्बन परत शोषून घेऊ, असं सांगितलंय, पण हे संच काही तोवर टिकणार नाहीत, वयानेच जातील. त्यांच्या जागी ६६० मेगावॅटचा नवा संच द्या ही मागणी कितीतरी वर्षं चाललीय, तो आला तरी तेवढीच माणसं लागतील असं धरून चालू नका.

आता कायद्याचं. कामगार कपात झाली तर पूर्ण केलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळतो, आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत रीस्किलिंग फंडातून (नवं काम शिकण्यासाठीचा निधी) वेगळा १५ दिवसांचा पगार, तो एकदाच. ऐकायला बरं वाटतं. पण ठेकेदार बदलला की कागदावर तुमची नोकरी नव्याने सुरू, मग ती "पूर्ण केलेली वर्षं" मोजणार कोण? म्हणून प्रत्येक ठेकेदाराच्या काळातला गेटपास, वेतनचिठ्ठी, पीएफचं पासबुक जपून ठेवा, मोबाईलमध्ये फोटो तरी काढून ठेवा, आणि नवा ठेकेदार आला तरी पीएफचा यूएएन नंबर तोच राहतोय का ते बघा. युनियनला म्हणावं, मागणीपत्रात ठेक्यावरच्यांची यादी नावानिशी लावा, कोण किती वर्षांपासून वॅगन टिपलरवर (कोळशाच्या वाघिणी उलटवणाऱ्या मशिनवर), कोण राखेच्या कामावर, सगळं.

हे काही जगावेगळं मागणं नाही. स्पेनमध्ये २०१८ साली कोळसा खाणी बंद करायच्या आधी सरकार आणि युनियन एकत्र बसले, २५ कोटी युरोंचा करार केला, वयाच्या ४८ च्या पुढच्या खाण कामगारांना लवकर पेन्शन ठरवून घेतलं. आपल्याकडे १९८२ च्या गिरणी संपानंतर काय झालं ते सांगायला नको, गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले आणि घरांसाठी वारस अजून चकरा मारताहेत.

प्रश्न : मी सातपूरला डिझेल इंजिनाचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत परमनंट आहे, वय ४६. ईव्ही, म्हणजे बॅटरीवरची गाडी आली तर आमची लाईन बंद. युनियनने ईव्हीला विरोध करायला हवा ना?
– एक वाचक, सिडको

उत्तर : काका, विरोध करून गाडी थांबणार असती तर मीच झेंडा घेऊन आलो असतो. बॅटरीच्या गाडीला इंजेक्टर नाही, नोझल नाही, पिस्टन नाही, हे खरंच आहे. पण तुमचा वेतनवाढ करार साधारण तीन वर्षांनी होतोच की. आपल्याकडे करार झाला की गुलाल, पेढे आणि पेपरात आकडा, इतक्या हजारांची वाढ, बास. ट्रेनिंगचं कलम आहे का हे कुणी विचारतच नाही! पुढच्या करारात लिहून घ्या, नवीन मशिनचं ट्रेनिंग ड्युटीच्या वेळेत आणि पगारी, नवीन लाईनवर आधी जुन्या माणसांना घेणार, आणि कंपनी कोणतं प्रॉडक्ट कधी बंद करणार ते युनियनला निदान वर्षभर आधी सांगणार. हजारभर कमी वाढ घेऊन हे पदरात पडलं तरी माझ्या मते सौदा वाईट नाही, पोरं शिव्या देतील ते सोडा.

प्रश्न : मुलाने आयटीआय इलेक्ट्रिशियन केलंय. सोलरमध्ये पाठवू का?
– एक ताई, सिन्नर

उत्तर : पाठवा, पण ताई एक लक्षात घ्या, पॅनल बसवताना माणसं भरपूर लागतात, बसवून झालं की मोजकीच. नेमणूकपत्रावर कंपनीचं नाव आहे की ठेकेदाराचं, पीएफ कापणार का, एवढं सही करायच्या आधी वाचायला सांगा.