विचारा ताईला: पैसे थांबले तर हेलपाटे कोणी घालायचे?

या महिन्यात पत्रं कमी आणि मेल जास्त आलेत, त्यात अर्ध्याहून जास्त प्रश्न योजना, अनुदानं आणि "बाहेरच्या देशात कसं असतं" यावरचे. म्हणून या वेळी तेवढेच घेते, सासू-सुनेचे पुढच्या अंकात.

"ताई, साधी प्रायव्हेट नोकरी आहे. पगारातून टॅक्स कापतात आणि तो लाडकी बहीण आणि कसल्या कसल्या अनुदानात जातो. फुकटची सवय लागली की माणसं कामाला येत नाहीत. परदेशात असं वाटतात का हो?" (एक वाचक, डोंबिवली)

वाटतात की. पण आधी तुमची पगाराची स्लिप काढा बरं. पीटी म्हणून 200 रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत 300. हा जो व्यवसाय कर आहे ना, त्याचा कायदा 1975 चा, आणि तो आणलाच मुळी रोजगार हमीसाठी. वि. स. पागेंच्या डोक्यातून निघालेली ही योजना 1972 च्या दुष्काळात राज्यभर पसरली, गावातल्या माणसानं काम मागितलं की सरकारनं द्यायचं आणि त्या मजुरीला शहरातल्या पगारदारानं हातभार लावायचा, असा तो सरळ हिशोब होता. 2005 मध्ये देशाचा कायदा झाला तो याच वाटेनं. म्हणजे तुमचे 200 रुपये फुकट वाटायला निघाले नव्हते, भर उन्हात खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीसाठी निघाले होते.

आता थेट पैशांचं. मेक्सिकोनं 1997 ला सुरू केलं, ब्राझीलनं 2003 ला बोल्सा फमिलिया आणलं, पैसे शक्यतो आईच्या नावावर, अट एवढीच की पोरं शाळेत दिसली पाहिजेत आणि लसी वेळेवर टोचल्या पाहिजेत. तिकडेही तुमच्यासारखंच बोलणारे होते, की बाप दारूत उडवणार. म्हणून जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोवा यांनी निरनिराळ्या देशांतले 19 अभ्यास एकत्र करून बघितले, तर पैसे मिळाले म्हणून दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला असं काही निघालं नाही. फिनलंडनं तर 2017-18 अशी दोन वर्षं 2000 बेरोजगारांना महिना 560 युरो बिनशर्त दिले, काम मिळालं तरी बंद नाही. माणसं घरी लोळत पडली का? नाही, कामाचे दिवस उलट थोडेसे वाढलेच, फार नाही पण कमी तर झाले नाहीत, आणि डोक्याचा ताप कमी झाला असं त्यांनी स्वतः सांगितलं.

लाडकी बहीण जुलै 2024 ला आली आणि नोव्हेंबरात निवडणूक होती, त्यावर बोलायचं तर खुशाल बोला, मीही बोलते. पण ते आणणाऱ्यांना बोला, 1500 रुपये घेणाऱ्या बाईला नको.

"ताई, माझी आत्या विधवा, आयुष्यभर विड्या वळल्या. निराधारचे पैसे तीन महिने झाले आले नाहीत. बँक म्हणते तहसीलला जा, तहसीलवाले म्हणतात आधार बघा, आधारला गेलं तर अंगठा उमटत नाही. परदेशात म्हणे सगळं कॉम्प्युटरवर नीट होतं, आपल्याकडेच असं का?" (एक वाचक, सिन्नर)

आधी कामाचं सांगते, परदेशाचं नंतर.

एक, आत्याच्या नावावर दुसरं कुठलं खातं आहे का विचारा. जनधनचं, बचत गटाचं, कुणीतरी कॅम्पमध्ये उघडून दिलेलं. आधारवर येणारे पैसे ज्या बँकेत आधार शेवटचं जोडलं गेलं तिकडे जातात, तुम्ही पासबुक भरत बसता जुन्या बँकेचं आणि पैसे पडलेले असतात भलतीकडे. मी हे इतक्यांदा बघितलंय की आता कुणी आलं की आधी हेच विचारते. दोन, अंगठा येत नसेल तर डोळ्याच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते, मशीनवाल्याला स्पष्ट विचारा, तो आपणहून सांगत नाही. तीन, हयातीचा दाखला दिलाय का ते बघा. आणि चार, तोंडी काही बोलायचं नाही, लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घेतल्याशिवाय त्या टेबलावरून हलायचं नाही, साहेब जेवायला गेले तरी नाही.

अंगठ्याचं दुखणं मला चांगलं माहितीये. मी समाजकार्याच्या नोकरीत नवीन असताना रेशन दुकानात एका आजीबरोबर उभी होते, विड्या वळताना तंबाखू आणि पानाच्या कडा घासून घासून बोटं अशी गुळगुळीत झालेली की रेघच राहिली नव्हती. मशीन लाल दिवा दाखवतंय. दुकानदार म्हणाला आजी डोक्यावरून फिरवा, मग आजीनं अंगठा केसातल्या तेलावर चोळला, परत लावला, परत लाल, मग पदराला पुसला, परत लाल. पाठीमागची रांग कुरकुरायला लागली आणि आजी मलाच म्हणाली, "माझंच काहीतरी चुकतंय गं." ते वाक्य काही केल्या जात नाही डोक्यातून.

आता परदेश. ऑस्ट्रेलियात 2015-16 पासून सरकारनं कॉम्प्युटरला कामाला लावलं, कुणी जादा भत्ता घेतलाय का शोधायला. लोक त्याला रोबोडेट म्हणायला लागले, म्हणजे मशीननं गळ्यात टाकलेलं कर्ज. गंमत बघा कशी, समजा एका पोरीनं सहा महिने नोकरी करून 26 हजार डॉलर कमावले आणि पुढचे सहा महिने बेकार म्हणून भत्ता घेतला, अगदी कायद्यानं. कॉम्प्युटरनं काय केलं, वर्षाची कमाई 26 पंधरवड्यांत सरसकट वाटून टाकली, म्हणजे दर पंधरवड्याला 1000, मग म्हणाला अगं बेकार असतानाही तू कमावत होतीस की, टाक पैसे परत. आणि खोटं ठरवायचं तर तिनं ठरवायचं, कित्येक वर्षांपूर्वीच्या पगाराच्या स्लिपा शोधून. लाखो लोकांना अशी पत्रं गेली. 2019 ला कोर्टात ते बेकायदा ठरलं, पैसे परत करावे लागले, 2023 ला चौकशी आयोगाचा अहवाल आला. त्या आयोगासमोर दोन आयांनी आपल्या मुलांच्या आत्महत्यांबद्दल साक्ष दिली होती.

नेदरलँड्स तर श्रीमंत देश. तिथे पाळणाघराच्या अनुदानात फॉर्मवर एखादी सही राहिली, थोडी रक्कम भरायची राहिली, तरी सगळंच्या सगळं अनुदान वसूल करायचे, हजारो घरं कर्जात गेली, त्यात परक्या मुळाच्या आया जास्त होत्या. शेवटी जानेवारी 2021 ला अख्ख्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला.

म्हणजे मशीन चांगलं की वाईट हा मुद्दाच नाही, चूक झाली तर हेलपाटे कोणी घालायचे हा आहे. आपल्याकडे लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला, तेव्हा ज्यांचे दोघंही गेलेत किंवा नवऱ्यानं टाकलंय त्या बायकांनी काय करायचं हे फॉर्म बनवणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसणार. ब्राझीलमध्ये 2011 पासून उलटी पद्धत धरली, जो गरीब यादीत नाही त्याला शोधायला सरकारी समाजकार्यकर्त्यानंच वस्तीत जायचं, त्याला ते बुस्का अतीवा म्हणतात, म्हणजे स्वतः होऊन शोध. तिथेही सगळं आलबेल नाही, पण निदान कागदावर तरी चालायचं काम ऑफिसला दिलंय, म्हातारीला नाही.

आत्याचं काय झालं ते कळवा, खरंच कळवा.

"मी एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या मास्टर्सच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. इंग्लंडला जायचा विचार आहे, आपली डिग्री चालते का? आणि आपल्या सिलॅबसमध्ये सगळं अमेरिकेचंच का असतं?" (नागपूर)

डिग्रीवर थेट नोकरी मिळत नाही. इंग्लंडमध्ये सोशल वर्कर हे नावच कायद्यानं राखीव आहे, सोशल वर्क इंग्लंडकडे नोंदणी झाल्याशिवाय ते लावता येत नाही, त्यामुळे एजंटला पैसे देण्याआधी त्यांच्या साइटवर तुझा कोर्स बसतो का बघ. आणि काम आपल्यासारखं पथनाट्य, मेळावे असं नाही, मुलाला घरात ठेवायचं की नाही यावर रिपोर्ट लिहायचे, कोर्टात उभं राहायचं. लिहायची सवय नसेल तर जड जातं.

अमेरिकेचं म्हणशील तर आपलं शिक्षण सुरूच तसं झालं ना. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचा अमेरिकन मिशनरी नागपाड्यात काम करत होता, त्याच्याच पुढाकारानं 1936 ला टाटांची ती संस्था निघाली जिला आपण आज टिस म्हणतो. अमेरिकेच्या मेरी रिचमंडचं केसवर्क, म्हणजे एकेका माणसाची अडचण समजून घेऊन मदत करायची पद्धत, त्याच वाटेनं आलं. पण उलटी वाहतूकही आहे की. अडचणीतल्या मुलांसाठीचा 1098 हा फोन नंबर आठवतं? ती चाइल्डलाइन 1996 ला मुंबईत सुरू झाली, जेरू बिलिमोरियांनी टिसमधून, आणि पुढे 2003 ला त्यांनीच जगभरच्या मुलांच्या हेल्पलाइन्सचं जाळं उभं केलं, ऑफिस ॲमस्टरडॅमला. इंग्लंडच्या मुलाखतीत हे सांग, तुझ्या सिलॅबसमध्ये नसलं तरी.

"तुम्ही समाजसेवा करता, मग पगार कसला घेता?" (नाव-गाव नाही)

नर्सताईंना विचारता का हो? समाजसेवा रविवारी सकाळी करतात, समाजकार्य ही नोकरी आहे, तिला दोन वर्षांची डिग्री लागते आणि फिल्डवर्कला चपला झिजतात. आणि पगार म्हणालात तर त्याला आमच्याकडे मानधन म्हणतात, मार्चचं अजून यायचंय.