आजीची नथ भावाच्या ताब्यात, हक्क कोणाचा?

प्रश्न: आई गेल्या वर्षी वारली, वडील त्याआधीच. मृत्युपत्र नाही. आम्ही भाऊ-बहीण दोघंच. आजीने आईला घातलेली नथ, पाटल्या आणि मोहनमाळ दादरच्या बँकेत आई-भावाच्या जॉइंट लॉकरमध्ये आहेत. "नथ तुझी," असं आई म्हणायची. भाऊ म्हणतो, दागिने घराण्याचे, मुलीचा हक्क नाही. आटवून नवे करणार. काय करू?

उत्तर: ताई, आधी आटवणं थांबवा. बाकी सगळं नंतर निस्तरता येईल, आटवलेली नथ परत येणार नाही.

सासूने सुनेला दिलेले दागिने सुनेचे. हिंदू वारसा कायदा, 1956 च्या कलम 14 नुसार त्यांची पूर्ण मालकी आईची, आणि कलम 15 नुसार तुम्ही दोघं समान वारस. जॉइंट लॉकरमुळे भावाला लॉकर उघडता येतो, मालकी मिळत नाही.

आईच्या शब्दाचं मात्र अवघड आहे. तोंडी मृत्युपत्र चालत नाही. पण तिने हयातीत नथ तुमच्या हाती सोपवली असेल आणि नंतर ती फक्त जपायला लॉकरमध्ये गेली असेल, तर कायद्याच्या भाषेत ते बक्षीस, म्हणजे भेट, पूर्ण झालं. मग नथ वाटणीत येतच नाही. ती तुमच्या नाकात असलेले लग्नातले फोटो आणि देताना हजर असलेल्या मावशी-आत्यांची नावं आजच जमवा.

वकिलामार्फत भावाला नोटीस द्या, प्रत बँकेला. नुसत्या पत्रावर बँक बहुधा लॉकर बंद ठेवणार नाही. भाऊ ऐकत नसेल तर वाटणीचा दावा लावून तातडीचा मनाईहुकूम मागा, शिवाय कोर्टाने नेमलेल्या कमिशनरकडून लॉकरमधल्या दागिन्यांची यादी. सक्सेशन सर्टिफिकेटसाठी धावपळ नको. ते येणी, ठेवी, शेअर्स यांच्यासाठी असतं.

भाऊ वाटाघाटीला तयार झाला तर फारच उत्तम. प्रत्येक दागिना वेगळा तोलून काट्यावरच फोटो काढा. मोहनमाळेचे मणी पोकळ असतील तर आत लाख असते, म्हणून एकूण आणि निव्वळ वजन दोन्ही लिहून घ्या. नथीत सोनं जेमतेम, किंमत मोत्यांची. सराफ बहुतेक वेळा मोती हिशेबात धरत नाही. तसं झालं तर नथ तुम्हाला स्वस्तात मिळेल, पण जुने बसरा मोती (नैसर्गिक, महागडे) निघाले तर उद्या भाऊ फसवणूक म्हणेल. मोती वेगळे तपासून घ्या.

नथ तुम्हाला, मोहनमाळ त्याला, पाटली एकेक, फरक रोख, असं लेखी करा. दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, फोटो जोडा. जंगम वस्तूंच्या वाटणीला नोंदणी सक्तीची नाही. स्टॅम्पचं तेवढं वकिलाला विचारा.